राजाने नावानिशी दिलेली बंदूक : व्हाँदेच्या शेतकऱ्यांची मानाची हत्यारं

ल्वारकाठ

नमस्कार मंडळी. पश्चिम फ्रान्समधल्या नाँत शहरात राहून मला आता नववं वर्ष लागलं. ल्वार नदी ओलांडून दक्षिणेला तासभर गाडी हाकली की शोले हे गाव येतं. तिथून पुढे दाट कुंपणं, खोल गेलेल्या गाडीवाटा आणि लहान लहान शेतं सुरू होतात. १७९३ साली पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध शेतकरी उठले ते याच टापूत. इतिहासात त्याला व्हाँदेचं युद्ध म्हणतात.

पुढच्या आठवड्यात जवळच्या एका गावात जुन्या घरातल्या सामानाचा लिलाव आहे. त्याआधी वस्तू पाहायला मांडून ठेवतात. मी गेलो होतो एक लाकडी कपाट बघायला. बशा, भिंतीवरची घड्याळं, पितळी समया असल्या पसाऱ्याच्या टोकाला एक लांबलचक चकमकीची बंदूक आडवी ठेवलेली होती. तिथल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, हातमोजे घाला आणि उचला.

उचलल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते वजन. साडेचार किलोच्या आसपास, आणि लांबीही चांगलीच. नळी तीन कड्यांनी लाकडाला बांधलेली. कुलपाच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मोबज इथल्या शाही कारखान्याचं नाव. आणि दस्त्याच्या मानेवर, जिथे उजव्या हाताचा अंगठा विसावतो बरोबर तिथे, बदामाच्या आकाराची चांदीची पट्टी बसवलेली. तिच्यावर एका ओळीत 'राजाकडून' आणि खाली एका माणसाचं नाव. नावाआधी सरदारकी नाही, हुद्दा नाही. खाली फक्त गावाचं नाव, आणि ते गाव आजही नकाशावर आहे.

मी बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिलो. ज्याचं नाव तिथे होतं त्याला स्वतःला ते वाचता येत असेलच असं नाही. त्या काळी या भागातले कितीतरी लोक चर्चच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली मारत.

थोडी पार्श्वभूमी. १७९३ ते १७९६ ही व्हाँदेच्या युद्धाची मुख्य वर्षं. कातलिनो हा फेरीवाला, स्तोफ्ले हा जंगलराखा, बाँशाँ, शारेत, ला रोशजाकलँ हे जहागीरदार घराण्यांतले, असे त्यांचे पुढारी. सुरुवातीला बंदुका फारच थोड्यांकडे होत्या. गवत कापायच्या विळ्याचं पातं दांड्यावर उभं ठोकायचं आणि भाल्यासारखं वापरायचं. १३ मार्च १७९३ ला जालेमध्ये त्यांनी सरकारी सैन्याची पहिली तोफ काबीज केली आणि तिचं नाव ठेवलं 'मिशनरी'. दुसरीचं नाव 'मारी-जान'. तिच्यावर त्यांचा इतका जीव होता की मे महिन्यात ती हातची गेली तेव्हा फोंतनेवर पुन्हा हल्ला करून परत आणली.

शेवट भयंकर झाला. डिसेंबर १७९३ मध्ये साव्हनेला त्यांची मोठी फौज संपली, आणि १७९४ च्या सुरुवातीला जनरल तुर्रोच्या तुकड्या गावं जाळत फिरल्या. दोन्ही बाजूंचे सैनिक आणि गावकरी धरून या प्रदेशातले दीड-पावणेदोन लाख लोक गेले असा अंदाज आहे. पुढे वीस वर्षं वाट पाहिल्यावर राजघराणं परत आलं. १८१४ मध्ये लुई अठरावा गादीवर बसला. नेपोलियन शंभर दिवसांसाठी परत सत्तेवर आला तेव्हा पुन्हा पळाला, १८१५ मध्ये पुन्हा आला. त्या शंभर दिवसांतही व्हाँदे उठलं आणि ला रोशजाकलँचा धाकटा भाऊ लुई ४ जून १८१५ ला गोळी लागून पडला.

आता राजापुढे प्रश्न होता की या माणसांना द्यायचं काय? फ्रेंच राजाकडे मानाचा क्रॉस होता, सँ-लुईचा. चौदाव्या लुईने तो १६९३ मध्ये सुरू केला, पण तो अधिकाऱ्यांसाठी. साध्या शिपायांसाठी १७७१ पासून एक पदक होतं, दोन एकमेकींवरून गेलेल्या तलवारींचं, त्याला चोवीस वर्षांची नोकरी लागे. व्हाँदेचा शेतकरी कुठल्याच पलटणीत नव्हता. त्याचं हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, नोकरीची वर्षं मोजायची कुठून? १८१४ मध्ये पांढऱ्या फितीवर कमळासारख्या राजचिन्हाचं, म्हणजे लिलीचं पदक निघालं खरं, पण ते इतक्या लोकांना वाटलं गेलं की त्याची किंमतच राहिली नाही. म्हणून मग तलवारी आणि बंदुका आल्या. राजनिष्ठेबद्दल राजाने नावानिशी दिलेलं हत्यार.

मला ही कल्पना मनापासून भिडली. इथल्या जाणकारांकडून आणखी ऐकायला आवडेल. हत्यारांची माहिती असणारे इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे.

चकमक

वा! असा धागा बऱ्याच दिवसांनी आला. ल्वारकाठ, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ही १७७७ च्या नमुन्याच्या घराण्यातली पायदळाची बंदूक दिसते. राजा परतल्यावर १८१६ चा नमुना निघाला, तोही याच घराण्यातला.

१७७७ च्या बंदुकीची ओळख सांगतो. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा उपयोगी पडेल. रंजकाची वाटी, म्हणजे जिच्यात पेटवायची बारीक दारू ओततात ती, पितळेची असते आणि किंचित वर झुकलेली असते. लोखंडी वाटी रंजकाच्या जळण्याने गंजते, पितळ टिकतं. दुसरी खूण म्हणजे दस्त्याच्या डाव्या अंगाला गाल टेकवायला कोरलेली खोबण. नळीचा व्यास साडेसतरा मिलिमीटर. नळीवर काळा मुलामा नाही, घासून पांढरी ठेवायची.

चकमकीचा दगडही बघा. फ्रेंच फौजेचा गारगोटीसारखा दगड मधाच्या रंगाचा, शेर नदीच्या खोऱ्यातल्या मन या गावाकडचा. अख्खी गावं त्यावर जगत. मनमध्ये आज याच दगडांचं संग्रहालय आहे. दगड बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून आवळायचा, म्हणजे झटका बसला तरी सुटत नाही. वीस-तीस बार झाले की धार जाते, मग बदलायचा.

आणि एक महत्त्वाचा प्रश्न. नळीच्या कानाकडे पाहिलंत का? वाटीतला जाळ ज्या बारीक भोकातून आत जातो तो कान. मानाची म्हणून दिलेली बंदूक बहुधा भिंतीवर लटकलेली असते, तिचा कान कोरा करकरीत राहतो. वापरलेल्या बंदुकीचा कान मोठा होतो, भोवती खड्डे पडतात. तिथे पाहिलं की कळतं तिने काय आयुष्य काढलं.

मोडीवाचक

वाचनखूण साठवली.

एका मुद्द्यावर भर घालतो. साध्या शिपायाला नाव कोरलेली बंदूक देण्याची पद्धत फ्रान्समध्ये राजांनी नीट घडवली नव्हती. ती बसवली क्रांतीनंतरच्या सरकारने. नेपोलियन पहिला कौन्सल, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाल्यावर २५ डिसेंबर १७९९ च्या हुकुमाने 'मानाची हत्यारं' ठरवून दिली. पायदळाला बंदूक, घोडदळाला आखूड बंदूक, तोफखान्याला सोन्याचे हातगोळे (छातीवर लावायचे), ताशेवाल्याला टिपऱ्या, तुतारीवाल्याला तुतारी. हातगोळे सोडून बाकी सगळ्यांवर चांदीचं काम. शिवाय अशा बंदुकीच्या धन्याला रोजच्या पगारावर पाच सांतीम जादा. विशेष मोठ्या पराक्रमाला तलवार आणि दुप्पट पगार.

यांतली सुंदर हत्यारं व्हर्सायच्या कारखान्यातली, निकोला-नोएल बूते याच्या देखरेखीखाली घडलेली. राजाला व्हर्साय सोडावं लागल्यावर त्याच्याच गावात हत्यारांचा कारखाना उभा राहिला होता. १८०२ मध्ये 'लेजिआँ दॉनर' ही सन्मानितांची संस्था स्थापन झाली आणि मानाच्या हत्यारांचे धनी आपोआप तिचे सभासद झाले.

म्हणजे लुई अठराव्याने ज्यांच्या राज्याला सतत बेकायदा म्हटलं, त्यांचीच रीत उचलली. यात मला कमीपणा वाटत नाही. गावच्या माणसाला काय कळतं, काय आवडतं, ते क्रांतीने दाखवून दिलं होतं आणि राजाने ते ओळखलं. वंशपरंपरा नसलेल्या माणसाच्या घरात चांदीत कोरलेलं त्याचं स्वतःचं नाव, ही नवीन गोष्ट होती.

पायवाट

माहिती उत्तम, पण 'राजनिष्ठा' या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती नोंदवतोच.

सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला २१ जानेवारी १७९३ ला. तेव्हा व्हाँदे उठलं नाही. उठलं मार्चमध्ये, तीन लाख माणसं सैन्यात भरती करायचा हुकूम आल्यावर. म्हणजे राजाला मारलं म्हणून नाही, पोराला नेतायत म्हणून. त्याआधीपासून राग साचलेला होता तो पाद्र्यांवरून. १७९० च्या कायद्याने पाद्र्यांना सरकारी शपथ घ्यायला लावली, ज्यांनी घेतली नाही त्यांना काढलं. या भागातल्या लोकांना बाहेरून पाठवलेला पाद्री नको होता. बाळाचा बाप्तिस्मा आणि म्हाताऱ्याचा शेवटचा विधी आपल्याच पाद्र्याकडून हवा होता.

आणि त्यांच्या हातूनही वाईट झालंय. माशकूलमध्ये मार्च १७९३ मध्येच उठावकऱ्यांनी क्रांतीच्या बाजूच्या लोकांना रांगा लावून मारलं. ते विसरून नुसतं चांदीच्या पट्टीकडे पाहणं मला जमत नाही.

ल्वारकाठ

पायवाट, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. खरं सांगतो, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस तोच विचार डोक्यात होता.

कातलिनोची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. १३ मार्चला तो घरी पावाची कणीक मळत होता. आदल्या दिवशी सँ-फ्लोराँमध्ये भरतीच्या वेळी मारामारी झाल्याची बातमी आली. हात पुसले, गावातली माणसं गोळा केली आणि निघाला. जूनमध्ये नाँतवर चालून आला तेव्हा गोळी लागली, १४ जुलैला मेला. मधल्या चार महिन्यांत तो त्या सगळ्या फौजेचा सेनापती झाला होता. त्याच्या डोक्यात राजा किती होता आणि गावचा पाद्री किती, हे मोजणार कोण?

बाँशाँची आठवणही यात बसते. ऑक्टोबर १७९३ मध्ये शोलेला पराभव झाल्यावर त्याच्या माणसांकडे पाच हजारांच्या आसपास सरकारी कैदी होते. लोकांना ते मारायचे होते. मरणाच्या दारात असलेल्या बाँशाँने त्यांना सोडून द्यायला लावलं. त्या कैद्यांत एका मूर्तिकाराचा बाप होता. तो मूर्तिकार म्हणजे दाव्हिद दांजे. त्याने पुढे सँ-फ्लोराँच्या चर्चमध्ये बाँशाँची कबर घडवली. अर्धा उठून बसलेला, हात वर केलेला, छाती उघडी. दाव्हिद स्वतः पक्का प्रजासत्ताकवादी होता. मी ती कबर दोनदा पाहिली आहे. त्या उचललेल्या हाताखाली उभं राहिलं की बोलावंसं वाटत नाही.

म्हणून मला आता असं वाटतं : पट्टीवर 'राजाकडून' लिहिलंय ते राजाचं म्हणणं. वीस वर्षांपूर्वी त्या माणसाने जे केलं त्याला राजाने १८१४ नंतर 'माझ्यावरची निष्ठा' असं नाव दिलं. आपला मुलगा, आपला पाद्री, आपली पेरणी हे सगळं त्या एका शब्दात बसवलं गेलं. बंदूक घेणाऱ्याने ते नाकारलं नाही. का नाकारावं? जळलेल्या घराची भरपाई म्हणून वेगळं काय येणार होतं?

सुमन_नाशिक

भरपाईवरूनच विचारते. बंदूक घेऊन विधवेने काय करायचं? बायकांना काही मिळालं का?

ल्वारकाठ

सुमनताई, फार योग्य विचारलंत. निवृत्तिवेतनं होती, लहान रकमेची. त्यासाठी अर्ज करावा लागे. जखम कुठे झाली, कोणत्या पुढाऱ्याबरोबर होतो, हे जुन्या अधिकाऱ्याने किंवा गावच्या पाद्र्याने लिहून द्यायचं. विधवांचेही अर्ज आहेत. व्हाँदेच्या जिल्हा दफ्तरखान्यात या अर्जांच्या फायली आहेत. कपाळावर तलवारीचा वार, डावा हात निकामी, घर जाळलं, बैल गेले, अशा ओळी वाचत गेलं की युद्धाचा नकाशा लागतच नाही, माणसं दिसतात.

रने बोर्दरो नावाची एक बाई पुरुषवेशात घोड्यावर बसून लढली. लोक तिला 'आंजूवाला' म्हणत. नेपोलियनच्या काळात तिने तुरुंग भोगला, काही काळ माँ-सँ-मिशेल बेटावर. राजा आल्यावर १८१४ मध्ये तिच्या आठवणी छापल्या गेल्या.

मोठ्या पुढाऱ्यांचं मात्र दिमाखात झालं. लुई अठराव्याने त्यांची भव्य चित्रं काढवून घेतली. गेराँने १८१७ मध्ये रंगवलेला ला रोशजाकलँ, एक हात झोळीत, दुसऱ्या हाताने पिस्तूल रोखलेलं, मागे पांढरं निशाण, आज शोलेच्या संग्रहालयात आहे. नाँतकडे कधी आलात तर तेवढ्यासाठी शोलेला जा.

दख्खनी_दफ्तर

इथे आपल्याकडचा एक धागा खरोखर जुळतो म्हणून लिहितो.

महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा बन्वा द ब्वान्य. पाटण, मेडता, लाखेरी इथे ज्याच्या कंपूंनी लढाया मारल्या तो. मूळचा सावॉयच्या शांबेरीचा. महादजी १७९४ मध्ये वानवडीला वारले, पुढे हा नोकरी सोडून युरोपात परतला आणि शांबेरीत स्थायिक झाला. १८१४ मध्ये याच लुई अठराव्याने त्याला जनरलच्या दर्जाचा हुद्दा आणि सँ-लुईचा क्रॉस दिला.

म्हणजे पहा, वानवडीच्या शिंदे छत्रीशी ज्याचं नातं, त्याला राजाकडून क्रॉस मिळतो, कारण तो अधिकारी, पैसेवाला, ओळखीपाळखीचा. आणि ज्यांनी राजाच्या नावाने गाव जाळून घेतलं त्यांना बंदूक. ल्वारकाठ यांनी वर जे लिहिलंय की क्रॉस फक्त अधिकाऱ्यांचा, ते या उदाहरणाने मला नीट उमगलं. शांबेरीत ब्वान्यच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं आहे. चार हत्ती, सोंडेतून पाणी.

खडकवासला_७६

छान चर्चा. व्यवहाराचं एक सांगून ठेवतो, कुणाला विकत घ्यायचा मोह झाला तर. फ्रान्समध्ये १९०० पूर्वीच्या नमुन्याची जुनी हत्यारं सज्ञान माणसाला सहसा परवान्याशिवाय ठेवता येतात. भारतात तसं गृहीत धरू नका. आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्त करूनही उडणार नाही अशा अवस्थेत हवं. ठासणीची असली तरी चालू बंदूक ती बंदूकच. आणायच्या आधी लेखी विचारून घ्या.

चकमक

ल्वारकाठ, कानाचं राहिलं! परत जाणं झालं का?

ल्वारकाठ

हो, झालं. लिलावाच्या दिवशी सकाळी लवकर पोचलो. त्याच बाई होत्या. मराठी लोकांचा एक गट या बंदुकीवर आठवडाभर बोलतोय असं सांगितल्यावर त्यांनी खिडकीपाशी टेबल रिकामं करून दिलं आणि भिंग आणून ठेवलं.

त्याआधी १८३० नंतरचं थोडं सांगायला हवं. जुलै १८३० च्या क्रांतीत लुई अठराव्याचा भाऊ, त्याच्यानंतरचा राजा शार्ल दहावा गेला, घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला लुई-फिलिप आला. फेब्रुवारी १८३१ मध्ये राजमुद्रेवरून लिलीची फुलं काढली गेली. व्हाँदेत मात्र जुन्या राजाच्या बाजूची माणसं होतीच. १८३२ मध्ये शार्ल दहाव्याची सून, बेरीची डचेस, गुपचूप आली आणि उठाव करायला निघाली. तो फसला. त्या मे महिन्यात कातलिनोचा मुलगा जालेजवळच्या एका वाड्यात लपलेला असताना सैनिकांनी त्याला मारलं. बापाने पहिली तोफ घेतली ते हेच जाले. डचेस नाँतमध्ये एका घरात शेकोटीच्या मागच्या पोकळीत लपली होती. सैनिकांनी थंडी वाजते म्हणून शेकोटी पेटवली आणि तिला बाहेर यावं लागलं. तारीख ७ नोव्हेंबर १८३२. ती गल्ली माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे.

त्या वर्षांत इथल्या घराघरांत हत्यारांची झडती झाली. एका राजाने सन्मान म्हणून दिलेली बंदूक दुसऱ्या राजाच्या शिपायांपासून गवताच्या गंजीत लपवायची वेळ आली.

आता बंदूक. वाटी पितळेची आहे, वर झुकलेली आहे. चकमक, तुम्ही सांगितलंत तसंच. दगड जबड्यात अजून आहे, मधाच्या रंगाचा, आणि शिशाच्या पत्र्याची कड बाहेर डोकावते.

चांदीच्या पट्टीवर वरच्या भागात काहीतरी घासलेलं मला पहिल्या दिवशीही दिसलं होतं. वाटलं होतं, अंगठ्याने झिजलं. भिंगाखाली ते झिजणं नव्हतं. कानशीने मारलेल्या तिरप्या रेघा आहेत, एकाच दिशेने, जोर लावून. त्यांच्या खाली तीन फुलांच्या पाकळ्यांची टोकं अजून कळतात. लिली कुणीतरी घालवली. कानस 'राजाकडून' या शब्दांवरूनही एकदा गेली आहे. पण नावाच्या ओळीपाशी येऊन थांबली आहे. नावावर एकही रेघ नाही, गावावर नाही.

आणि कान. भोक इतकं मोठं झालंय की माझ्याकडच्या पेन्सिलीचं शिसं सहज आत गेलं. भोवती नळीच्या पांढऱ्या लोखंडावर काळे खड्डे, दाट, देवीच्या वणासारखे. गाल टेकवायची खोबण हाताला काचेसारखी गुळगुळीत लागते, तिथली शिरा कुठेच उरलेली नाही. नळी पुढून एक वीत कापलेली आहे, संगीन लावायचा खुंट गेलाय. बाई म्हणाल्या, या भागातल्या घरांत अशा कापलेल्या नळ्या पुष्कळ येतात. कुंपणातून ससे मारायला लांब बंदूक अडकते.

दुपारी साडेतीनला तिचा नंबर लागला.